ताईनं तेल धुतलं नाही

त्या दिवशी ताई तासभर आंघोळ करत होती. मी दोनदा दार वाजवलं. म्हटलं, झोपलीस का आत. आतून म्हणाली, "गप बस, महाराणीची आंघोळ चाललीय." सुट्टीचा दिवस होता, दुपारचे दोन-अडीच झाले असतील. बाहेर आली ती नुसता गाऊन घालून, केस वर बांधलेले, आणि कोपरापासून बोटांपर्यंत चमकत होती. अख्ख्या खोलीत वास. बदामासारखा, पण बदामाला असा वास नसतो, काहीतरी श्रीमंत लोकांच्या घरातला वास.

"हात लाव," म्हणाली.

मी लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं कातडं माझ्या हाताला टोचलं नाही. तिनं टाच पुढे केली, म्हणाली इथं पण लाव. मी म्हटलं, टाचेला काय हात लावायचा. तर म्हणाली, "लाव गं, ही टाच परत अशी दिसायची नाही." लावली. भेगा होत्याच, पण त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. आम्ही दोघी हसत बसलो.

चार वाजता माझ्या नवऱ्यानं तिला भोसकलं.

कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, तू बहीण आहेस, तूच लिही, आम्ही सगळ्यांना वाचून दाखवू. म्हणून लिहितेय. त्यांना ती हातोडी म्हणून माहीत. मला आधीची पण माहीत आहे.

तिचं कातडं जन्मापासूनच कोरडं. नडग्या तर अशा की नखानं ओढलं की पांढरी रेघ उमटायची. मला अक्षरं तिनं तिच्या नडगीवर शिकवली. पाटी फुटली होती आणि बाबा नवीन आणत नव्हते. ती पाय लांब करून बसायची, नखानं अक्षर काढायची, मी वाचायचं, मग थुंकी लावून पुसायची. शाळा माझी चौथीतच सुटली, पण जे येतं ते त्या नडगीवरचं.

बाबा पट्ट्यानं मारायचे. आईला, तिला, मला, ज्या क्रमानं समोर येऊ त्या क्रमानं. एकदा, ती बारा-तेरा वर्षांची असेल, पट्टा आईवर आला आणि तिनं तो हवेतच धरला. बाबांनी ओढला. तिनं सोडला नाही. त्यांनी तिला पट्ट्यासकट खोलीभर फरफटवलं, पलंगाच्या पायावर आपटलं, दारातून बाहेर ओढलं, गुडघ्यांची सालं निघाली, पण मूठ उघडली नाही. शेवटी बाबाच दमले आणि त्यांनी पट्टा सोडला. तो पट्टा मग ती स्वतःच्या कमरेला बांधून शाळेत जायची. बाबांनी परत पट्टा घेतला नाही. हातानं मारायचे त्यानंतर. आई म्हणायची, चला, तेवढंच कमी.

तिचं लग्न वर्षभर टिकलं. नवऱ्यानं पहिल्यांदा हात उगारला तेव्हा तिनं तोच हात धरून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. तीन बोटं. मग स्वतःच त्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरला म्हणाली, दारात सापडली हो, फार वेंधळे आहेत आमचे. महिन्याभरात तो निघून गेला. कुणी विचारलं की म्हणायची, "बोटं जुळली, आम्ही नाही जुळलो."

कोंबड्यांच्या कारखान्यात ती वीस वर्षं होती. तिचं काम ऐकलं की लोक ताट बाजूला सारायचे. तिथं कोंबड्या उलट्या टांगून साखळीवरून येतात आणि मशीन त्यांचा गळा कापतं. पण शंभरात दोन-तीन सुटतातच. मान हलवतात, वाकड्या होतात, पातं हुकतं. त्या सुटलेल्यांसाठी ताई होती. मशीनच्या पुढे उभी राहायची, जिवंत आलेली दिसली की डाव्या हातानं धरायची, उजव्या हातानं एकच घाव. धरली म्हणजे धरली. पंख फडफडून तिच्या तोंडावर मारायचे, नख्या मनगटात रुतायच्या, पण डाव्या मुठीतून कधी एक सुटली नाही. रक्त गरम, आणि त्यानंतर हात बुडवायचा तो बर्फाच्या पाण्यात, औषध घातलेल्या. दिवसातून किती वेळा, ते तीच जाणे. त्यानं कातडं आणखी गेलं. बोटांच्या पेरांवर चिरा पडायच्या, घरी येऊन मूठ मिटली की त्यातून रक्त यायचं. म्हणायची, "हे माझं आहे, कोंबडीचं नाही, माझं जरा जाड असतं."

तुम्ही म्हणाल, तेल लावायचं मग. तर नाही लावता यायचं. कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर पातळ कागद घेऊन उभा असतो. सुरीवाल्या बायकांनी आत जाताना तळहात त्यावर दाबायचा. कागदावर डाग उमटला, उजेडात आरपार दिसायला लागला, की घरी जा, आजची हजेरी नाही. कारण पूर्वी एक मुलगी क्रीम लावून आली होती, तिची सुरी मुठीत फिरली आणि अंगठा लोंबायला लागला. तेलकट हाताला काही धरता येत नाही. रात्री लावलं तरी सकाळी कागदावर येतं. म्हणून ताईचे हात वीस वर्षं कोरडे. नव्या मुलींना तीच दम द्यायची, "हात मऊ पाहिजेत तर नर्स व्हा, इथं कशाला आलात."

याच सुपरवायझरनं एकदा एका नव्या मुलीच्या कमरेला हात लावला. ताईनं साखळीवरची मेलेली कोंबडी काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. दोनदा. त्यानं वर तक्रार केली. वरच्या साहेबानं विचारलं, हिला काढली तर हिच्या जागी कोण उभं राहील. कुणी पुढे आलं नाही. हातोडी नाव तेव्हापासून पडलं.

आता माझं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझा नवरा सोफे बनवायच्या कारखान्यात रेक्झिन कापतो. घरात तो, मी आणि सासू. सात वर्षं मला मारत होता. कारण काहीही. पाणी थंड का, पाणी गरम का. मी ताईला सांगत नव्हते. कळलं असतं तर तिनं त्याला मारून टाकलं असतं आणि ती आत गेली असती, ही माझी भीती. मी आपली पडले, आपटले, कपाट लागलं, असं सांगायचे. ती बघायची आणि म्हणायची, "तुमच्याकडचं कपाट फार फिरतं वाटतं घरात."

त्या दिवसाच्या तीन आठवडे आधी त्यानं माझ्या कानावर असा हात मारला की आत काहीतरी फुटलं आणि पू यायला लागला. मी कामाला गेले नाही, फोन उचलला नाही. ताई कारखान्यातून सरळ आमच्या घरी आली, गमबूट पण काढले नव्हते. दार मीच उघडलं. तिनं माझा कान बघितला. आत गेली, जेवणाचा डबा हातात होता तोच त्याच्या डोक्यात घातला, केस धरले आणि तीन जिने त्याला खाली ओढत नेलं. प्रत्येक पायरीला त्याची हनुवटी वाजत होती. एक दात मधल्या वळणावर पडला. अख्खी इमारत बघत होती, कुणी हलत नव्हतं. खाली नेऊन सोडला आणि म्हणाली, "परत हिच्या अंगाला हात लावलास तर आकड्याला उलटा टांगीन. मशीन चुकतं, मी चुकत नाही."

मग वर येऊन मला म्हणाली, चप्पल घाल. मी घातली आणि तिच्या खोलीवर राहायला आले.

तो ऐकणारा नव्हता. गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहायचा. फोन करायचा, रडायचा, मग शिव्या द्यायचा, मग परत रडायचा. ताई मला सकाळी दुकानापर्यंत सोडायची आणि संध्याकाळी घ्यायला यायची. रात्री दाराला आडवी झोपायची. मी म्हटलं, असं किती दिवस. म्हणाली, "तो कंटाळेपर्यंत. मी कंटाळत नाही, मला सवय आहे, उभं राहायचाच पगार घेते." तिला एकच पाहिजे होतं, मी परत त्या घरात जायचं नाही. मी रात्री रडले की तिला वाटायचं मी जाईन. उठून दिवा लावून माझं तोंड बघायची.

मी एका मोठ्या दुकानात झाडलोट करते. अत्तरं, साबण, क्रीम असलं सगळं तिथं मिळतं. काचेच्या कपाटात ठेवतात, हात लावायची आमची छाती होत नाही. गिऱ्हाइकांनी लावून बघायला काही बाटल्या उघड्या ठेवलेल्या असतात. त्यातली एक बाटली, आंघोळीच्या तेलाची, तिची तारीख संपत आली होती म्हणून काउंटरवरच्या मुलीनं मला दिली. अर्ध्याहून जास्त भरलेली. सोनेरी तेल, उलटी केली की बुडबुडा सावकाश वर जायचा. मुलगी म्हणाली, मावशी, हे कोरड्या कातड्याला एक नंबर. अंग ओलं करायचं, हे चोळायचं, दुधासारखं पांढरं होतं, मग पाण्यानं धुऊन टाकायचं. धुवायचं बरं का, नाहीतर घसराल.

घरी येऊन मी ताईला तसंच सांगितलं. ती बाटली दिव्यासमोर धरून बघत होती.

"धुऊन टाकायचं?"

"ती तसं म्हणाली."

"एवढं महागाचं तेल लावायचं आणि मोरीत सोडायचं? म्हणजे पगार घ्यायचा आणि दुसऱ्या दारानं मालकाला परत नेऊन द्यायचा."

मला हसू आलं. खरं तर मला पण ते पटत नव्हतं. आम्ही आयुष्यात तेल लावून धुतलेलं नाही, तेल मुरायला लावतात. मी म्हटलं, "त्यांच्याकडे मऊच कातडी असतात, त्यांना पुरत असेल. तुला मुरू दे. धुवू नकोस, नुसतं पुसून घे."

हे मी म्हटलं. तिनं नाही. मी.

दुसऱ्या दिवशी आमची दोघींची सुट्टी. त्याच्या पुढच्या दिवशी कारखाना मशीन साफ करायला बंद, म्हणजे कागदाची भीती नाही. वीस वर्षांत असा सलग दोन दिवस मोकळा हात तिला कधी मिळाला असेल, सांगता येत नाही. म्हणून ती तासभर आत होती. शॉवर वगैरे कुठला, बादली आणि तांब्या. पण बाटली निम्मी करून बाहेर आली.

तिच्या तेलकट पायांनी फरशी निसरडी झाली होती. ताई म्हणाली, दार उघडं ठेव, वारं लागून वाळेल. मी फरशी पुसली आणि दार उघडं ठेवलं. ती पलंगावर बसून स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. एवढ्यात दारात सावली आली.

तो होता. हातात कापडी पिशवी. दाढी वाढलेली, दाताची खिडकी दिसत होती.

"ताई, मला हिच्याशी बोलायचंय."

"बोल. उंबऱ्याबाहेरून बोल. तिला ऐकू येतं, एका कानानं. दुसरा तू फोडलास."

"घरी चल म्हणायला आलोय."

"घर? तो खाटीकखाना आहे."

"खाटीक तर तुम्ही आहात."

"म्हणून तर लांबून ओळखते," ताई म्हणाली.

त्यानं नाक वर करून हुंगलं. म्हणाला, "वास काय मारताय आज, दुसरं लग्न ठरलं का?" आणि ताई हसली. खरंच हसली. ती हसत असतानाच त्यानं पिशवीत हात घातला. रेक्झिन कापायची सुरी, आखूड, टोकाला वाकडी. तो तिच्याकडे नाही, माझ्याकडे आला. मी मोरीच्या दाराला टेकून उभी होते, मागे जायला जागा नव्हती.

ताई मध्ये आली आणि तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. मी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. ताईनं धरलं म्हणजे संपलं, हे मला लहानपणापासून माहीत.

मनगट तिच्या मुठीतून निघालं. साबणाची ओली वडी निघते तसं. सुरी तिच्या बरगडीखाली गेली.

तिनं परत धरलं, दोन्ही हातांनी. परत निघालं. या वेळी खांद्याजवळ, मानेच्या मुळाशी. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. दुखतंय म्हणून नाही. हे हात कुणाचे, असं बघत होती. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला आठवत नाही. शेजारी सांगतात मी सारखं "पूस, पूस" म्हणत होते.

तिसऱ्या वेळी तिनं हात वापरलेच नाहीत. त्याच्या दंडात दात घातले आणि मांस येईपर्यंत सोडले नाहीत. सुरी पडली. मग कपाळ त्याच्या नाकावर आपटलं, दोनदा, आणि अंगाच्या सगळ्या वजनानं त्याला दाराबाहेर ढकलत नेलं. जिन्यावरून दोघं खाली गेले. तो खाली, ती वर. त्याच्या नडगीचं हाड बाहेर आलेलं मी बघितलं. ती त्याच्या छातीवर बसली होती. तळमजल्यावरची शिलाईवाली हातात कात्री घेऊन धावत आली, तिला पाच मिनिटं कळलंच नाही की कुणाला वाचवायचं. तो विव्हळत होता, उठ म्हणत होता. ताई उठली नाही. लोक येऊन त्याला धरेपर्यंत ती तशीच बसून होती आणि तिचं रक्त त्याच्या शर्टावर सांडत होतं.

शिलाईवालीनं शिवायला आलेलं कुणाचं तरी नवं कापड तिच्या मानेला दाबलं. ते भिजलं, दुसरं दाबलं. एका मालाच्या गाडीत घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिनं हात वर केला, तळवा बघितला आणि मला म्हणाली, "आज मला गेटवरून घरी पाठवलं असतं."

त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या सिग्नलला गाडी थांबली, तिथं गेली. गाडीवाल्याला माहीत नव्हतं, तो पुढे हॉर्न वाजवत राहिला.

दवाखान्यात नर्सनं तिचं अंग पुसलं. रक्त निघालं, पण पाणी तिच्या हातावर थांबत नव्हतं. थेंब होऊन पळत होतं. नर्स म्हणाली, हिनं काय लावलंय. मी सांगितलं.

चौकीत पण मीच सांगितलं. तेल मी आणलं, धुवू नकोस मी म्हटलं, म्हणून तिचा हात निसटला. लिहून घेणारा थांबला. म्हणाला, "बाई, हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या वकिलाला आयतं मिळेल." मी म्हटलं, झालं ते झालं, लिहा. तिनं मला खोटं बोलायला शिकवलं नाही. कपाट लागलं, आपटले, ते माझं मी शिकले होते, आणि त्याचं काय झालं ते बघितलं ना.

वकिलाला आयतंच मिळालं. आठ दिवसांनी सासू आली. एकटी, रिक्षातून, माझी लोखंडी पेटी घेऊन. माझे कपडे, आईची दोन भांडी, सगळं त्या घरातच राहिलं होतं. रिक्षावाल्यानं पेटी खाली जिन्यापाशी उतरवली आणि ती पेटीवर बसली. मला खालूनच हाक मारली. मी खाली गेले. शिलाईवाली मशीन थांबवून ऐकत होती, तिनं लपवलं पण नाही.

"तू एवढंच म्हण," सासू म्हणाली, "तेलानं तिचा पाय घसरला आणि ती सुरीवर पडली. तेल होतं हे तूच सांगितलंयस. वकील म्हणतो बाकीचं तो बघेल."

"पाय नाही घसरला, आई. हात निसटला. सुरी त्यानं खुपसली. दोनदा."

"तो आत कुजेल."

"कुजू दे."

"पोटचा आहे माझ्या."

"ती पण कुणाच्या तरी पोटची होती. आणि तो माझ्यावर आला होता, तिच्यावर नाही. हे पण मी सांगितलंय. तुम्हाला वकिलानं सांगितलं नसेल."

 सासू म्हणाली, "मग पेटी देत नाही," आणि पेटीवर आणखी नीट बसली. मी आयुष्यात तिच्यासमोर मान वर केली नव्हती. मी वाकले, पेटीची कडी धरली आणि ओढली. तिच्यासकट ओढली. पेटी वीतभर सरकली, फरशीवर कर्र आवाज झाला, आणि कडी तुटून माझ्या हातात आली. मी मागे भिंतीवर आपटले. सासू पेटीवरच. शिलाईवाली आतून म्हणाली, "बाई गं, दोघींची हाडं मोडतील."

 सासूनं डोकं खाली केलं आणि म्हणाली, "मला पण मारायचा तो. पगाराच्या दिवशी. कुणाला सांगणार."

 मला तेव्हा तिची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. तुला माहीत होतं आणि तू सात वर्षं शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवलास, एवढंच डोक्यात आलं. ते मी बोलले पण. तिनं ऐकून घेतलं.

मग ती उठली. कपडे झटकले. एका बाजूची कडी शाबूत होती, ती मी धरली. दुसऱ्या बाजूला धरायला काही नव्हतं. सासूनं वाकून पेटीच्या बुडाखाली हात घातला आणि उचलली. ती मागे, मी पुढे, उलट्या पायांनी. वळणावर थांबलो, तिला दम लागला होता. परत उचलली. ताईचा पाय घसरला असं सांग, हे तिनं परत काढलं नाही. दारात आलो तेव्हा मी माझी बाजू खाली टेकवायला लागले, तर ती म्हणाली, "सावकाश ठेव. बोट सापडेल."